आधी बंगमाता

'भारतमाता' हे चित्र १९०५ सालचं. भगव्या वस्त्रातली एक तरुण साध्वी. मुकुट नाही, सिंह नाही, झेंडा नाही. डोक्यामागे फिकट प्रभावळ, पायांशी पांढरी कमळं. हात मात्र चार, देवीसारखे. त्यात शस्त्र शोधाल तर एकही सापडणार नाही. एका हातात पोथी, एकात भाताच्या लोंब्या, एकात जपमाळ. आणि चौथ्यात पांढरं कापड.

त्या कापडापाशी जरा थांबूया. बंगालची फाळणी याच वर्षातली. विलायती मालावर बहिष्काराची हाक गावोगाव पोचत होती. अशा दिवसांत देवीच्या हातात त्रिशूळाऐवजी कापड येतं, ते उगीच नव्हे.

चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर. आज आपण हिला भारतमाता म्हणतो, पण त्यांच्या मनात आधी होती ती बंगमाता. भगिनी निवेदितांना मात्र तिच्यात सगळा देश दिसला. केदारनाथपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याच्या झोपडीत हे चित्र असावं, असं त्यांनी लिहिलं.

'वंदे मातरम्'चीही गोष्ट अशीच. बंकिमचंद्रांच्या मूळ गीतात सात कोटी कंठ आहेत. ही मोजदाद बंगाल प्रांताची. १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये सरलादेवी चौधुराणींनी ते गीत गाताना सातचे तीस कोटी केले. एका शब्दाच्या फेरफारानं आईचं घर केवढं वाढलं!

पुढे छापखान्यांनी तिला दुर्गेचा सिंह दिला, दागिने दिले, तिरंगा दिला, नकाशावर उभं केलं. कॅलेंडरवरची ओळखीची भारतमाता ती हीच. खरं सांगायचं तर त्या थाटामाटात ती साधी साध्वी कुठेतरी हरवली.

वाराणसीच्या भारतमाता मंदिरात तर मूर्तीच नाही. १९३६ साली गांधीजींच्या हस्ते ते खुलं झालं. आत जमिनीवर संगमरवरात कोरलेला देशाचा उंचसखल नकाशा आहे. दर्शन घ्यायचं ते कठड्याशी उभं राहून, खाली बघत. ही कल्पना मंदिर उभारणाऱ्या शिवप्रसाद गुप्त यांना सुचली ती पुण्यात. धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमात त्यांनी जमिनीवर केलेला मातीचा नकाशा पाहिला होता.

वाराणसीचा नकाशा अखंड हिंदुस्थानचा आहे. पंजाबच्या पाचही नद्या त्यात अजून एकाच देशातून वाहतात.