एका बगीच्यातल्या तीन जमिनी

नमस्कार, शेतकरी भाऊ-बहिणींनो. आज सुरुवात वाइनच्या द्राक्षांपासून करतो. दारूबंदीच्या वर्धा-गडचिरोलीतल्या श्रोत्यांनी दचकू नये, बाटली उघडायची नाही, फक्त नकाशा उघडायचा आहे.

१९४४ साली कॅलिफोर्नियात अमेरीन आणि विंकलर या दोघांनी द्राक्षाच्या मुलखाचे उष्णतेवरून पाच पट्टे पाडले. दिवसाच्या सरासरी तापमानातून १० अंश वजा करायचे, कारण त्याखाली वेल वाढत नाही. उरलं ते जमा. एप्रिल ते ऑक्टोबर बेरीज करायची. आपल्या सेल्सिअसात ती साधारण २२२० वर गेली की सगळ्यात उष्ण, पाचवा पट्टा. आता आपला मे घ्या. दुपारी ४४, पहाटे २८, सरासरी ३६, जमा २६. असे ८६ दिवस झाले की हद्द ओलांडली! या मापाने वरुड काय नि वणी काय, सगळा विदर्भ एकाच रंगाचा.

म्हणून मी जमीन खणली. दिवाळीनंतर पाच एकर संत्र्यात कमरेइतके तीन खड्डे. नाल्याकडचा तळापर्यंत काळा, चिकट. टेकडीकडच्या धुऱ्याजवळ हातभर मातीखाली मुरूम. मधल्यात दीड फुटावर पांढरे खडे. पातळ अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकले तर सोड्यासारखे फसफसले. चुनखडी! तिथलीच पानं दरवर्षी पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. चुन्यामुळे झाडाला लोह मिळत नव्हतं आणि मी आठ वर्षं युरिया फेकत होतो.

आंबियाच्या, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या संत्रा बहाराच्या ताणाचंही तेच. फुलं यावीत म्हणून आधी झाडाचं पाणी तोडायचं, मग पाणी देऊन तो ताण तोडायचा. डिसेंबरात पाणी तोडलं की मुरमावरची झाडं लवकर मलूल होतात, नाल्याकडची जानेवारीतही हिरवीगार. दोघांचा ताण एकाच तारखेला कसा तोडणार? यंदा व्हॉल्व्हच वेगळे केले.

नागपुरात मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, देशाचे २० कृषी-पर्यावरणीय विभाग तिने पाडलेत. त्या नकाशात माझे पाच एकर टाचणीच्या टोकाएवढेही दिसत नाहीत. म्हणून पोराच्या चौकटीच्या वहीत, पेन्सिलीने, मीच काढले. मधल्या पट्ट्यात नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावताना, रंगपूर लाईम या लिंबाच्या खुंटावरची कलमं लावीन. चुनखडीत ती नेहमीच्या जंभेरी खुंटावरच्या कलमांपेक्षा बरी तग धरतात.

खड्डे अजून बुजवले नाहीत. बैल पडेल म्हणून घरून रोज बोलणी खातो. पण पहिल्या मोठ्या पावसानंतर कोणत्या खड्ड्यात पाणी किती दिवस थांबतं, तेवढं वहीत लिहायचं राहिलंय.