वजिराचं प्यादं आणि इंजिनचं शून्य

मित्रहो, मागच्या दहाएक वर्षांत बुद्धिबळात डी४ने, म्हणजे वजिरापुढचं प्यादं डी स्तंभाच्या चौथ्या घरात ढकलून, सुरू होणाऱ्या डावांत काय बदललं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन की पांढऱ्याने सरशी शोधणं सोडून दिलं. हे जरा टोकाचं बोलणं आहे, मान्य. पण पूर्वी ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, अभ्यासात एकच प्रश्न असायचा, पांढऱ्याला काही मिळतंय का? २०१० साली सोफियात विश्वविजेतेपदाच्या लढतीत आनंदने टोपालोवविरुद्ध कॅटलान (पांढऱ्याचा उंट जी२वर नेणारं डी४चं ओपनिंग) खेळून दोन डाव जिंकले आणि जो तो कॅटलानच्या मागे लागला. आज घरी बसून इंजिनला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रामला, विचारलं तर काळ्याच्या बहुतेक भरवशाच्या बचावांपुढे शेवटी तेच उत्तर येतं, शून्य, म्हणजे दोघे बरोबरीत. २०२० साली स्टॉकफिश या इंजिनमध्ये उदाहरणांवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क आलं आणि उरलीसुरली आशाही मावळली.

डी४विरुद्ध काळ्याच्या सेमी-टाराश बचावाचं उदाहरण घ्या, कारण त्यात हा बदल लख्ख दिसतो. मधली प्यादी कापली जातात, काळा सी३वरचा घोडा मारतो, बी४वर उंटाने शह देऊन उंटही बदलून टाकतो. पांढऱ्याकडे डी४ आणि ई४ अशी दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी राहतात. १९६९च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत स्पास्कीने पेट्रोशियनला याच स्थितीत डी५ ढकलून हरवलं. त्याच वर्षी पोलुगायेव्हस्कीने तालविरुद्ध तेच प्यादं बळी दिलं आणि मग एच७वर उंट टाकून राजावर धाड घातली. हे दोन डाव पाहून कितीतरी पिढ्यांनी या बचावाचा नाद सोडला. मग इंजिनने दाखवलं की काळ्याने घाबरायचं कारण नाही. बी६, उंट बी७वर, हत्ती सी स्तंभावर, आणि संधी मिळेल तसे मोहरे बदलत जायचं. वजिराच्या बाजूला काळ्याची दोन प्यादी, पांढऱ्याचं एक. शेवटाकडे गेलो तर भीती उलट पांढऱ्याला. माजी विश्वविजेत्या क्रामनिकसारख्या खेळाडूने हा बचाव पुन्हा हाती धरला, तेव्हा भूत उतरलं.

आता पांढऱ्याने करायचं काय? प्रतिस्पर्ध्याने घोकून आणलेल्या जागी त्याला भेटायचंच नाही. २०२१मध्ये दुबईत विश्वविजेतेपदाच्या लढतीत कार्लसनने नेपोम्नियाचीविरुद्ध सहाव्या डावात डी४ खेळून सी४ नंतरसाठी ठेवलं, जी३ आणि बी३ केलं. ओपनिंगमधून नाव घ्यावं असं काही हाती लागलं नाही, पण पट भरलेला राहिला आणि तो डाव १३६ खेळ्यांनी कार्लसनने जिंकला. विश्वविजेतेपदाच्या इतिहासातला सगळ्यात लांब डाव.

लंडन सिस्टिम या ओपनिंगचंही तसंच. उंट एफ४वर, ई३, सी३. समोरच्याने काहीही खेळो. चांगले खेळाडू नाक मुरडायचे, आळशी लोकांचं ओपनिंग म्हणायचे. मग ग्रँडमास्टर कामस्की ते खेळत राहिला, कार्लसनने उचललं, आणि २०२३मध्ये अस्तानात विश्वविजेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने नेपोम्नियाचीविरुद्धचा सहावा डाव लंडननेच जिंकला. मला ते अजूनही फारसं रुचत नाही, पण आवडीनिवडीचा इथे प्रश्नच नाही.

दुसरी वाट आक्रमक आहे. काळ्याचे ग्रुनफेल्ड किंवा किंग्ज इंडियन हे बचाव खेळणाऱ्याने दुसऱ्या खेळीला जी६ केलं की तिसऱ्यालाच एच४! जुन्या शिक्षकाने कान धरला असता. स्वतःशी खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रामचे डाव २०१७च्या शेवटी बाहेर आले आणि कडेचं प्यादं पुढे रेटायची भीड चेपली. काळ्यालाही उत्तर सापडलंय: लगेच सी५. पांढऱ्याने डी५ केलं की बी५ टाकून बेंको गॅम्बिटसारखा, प्यादं बळी देऊन पुढाकार घेणारा, खेळ करायचा. अशा स्थितीत एच४वरच्या प्याद्याचं काय करायचं, हे पांढऱ्यालाच कळेनासं होतं.

शेवटी २०२४ची सिंगापूरची विश्वविजेतेपदाची लढत, तिसरा डाव, गुकेश पांढरा आणि डिंग काळा. क्वीन्स गॅम्बिट या ओपनिंगमधली एक्स्चेंज पद्धत, जिच्यात मधली प्यादी लवकर कापली जातात. तिचं नाव काढलं की आपल्याला बी४, बी५ अशी वजिराच्या बाजूची संथ चढाई आठवते. गुकेशने नवव्या खेळीला जी४ ढकललं! एफ५वरच्या उंटावर मारा आला. डिंगने वजीर बदलले आणि उंट सी२वर, थेट शत्रूच्या घरात नेला. तिथून तो बी३वरच्या प्याद्याकडे डोळे लावून बसला. गुकेशने घोडा डी२वर आणून ते प्यादं राखलं, एफ३ केलं, आणि मग ई४. उंटाची परतीची तिरकी वाट बंद! पुढे उंट गेलाच, आणि ३७व्या खेळीला डिंगचा वेळही संपला.

ही स्थिती मी पटावर मांडतो. ई४च्या एक खेळी आधी थांबलोय, खेळी काळ्याची आहे. सी२वरच्या उंटाला तुम्ही बाहेर कसा काढाल, बोला.