डेस्डिमोनाचा रुमाल

नमस्कार श्रोतेहो.

आज डेस्डिमोनाबद्दल बोलायचंय, शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ची नायिका. ‘भोळी होती, म्हणून गेली’ असं तिच्याबद्दल म्हणतात. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ लिहिलं, त्यात ती कमळजा होऊन मराठीत आली.

गोष्ट भरभर सांगतो. व्हेनिसमधल्या बड्या घरची ही लेक बापाला न विचारता ऑथेल्लो या काळ्या सेनापतीशी लग्न करते. भर सभेत बापाला सांगते, हा माझा नवरा. पुढे सायप्रस बेटावर इयागो, त्याच्याच हाताखालचा माणूस, त्या नवऱ्याचे कान भरतो, की तुझ्या बायकोचं दुसऱ्याशी आहे. पुरावा काय, तर एक रुमाल. बरं का, पुरावा एवढाच, रुमाल! ऑथेल्लोच्या आईचा, स्ट्रॉबेरीची नक्षी असलेला.

तो हरवतो कसा? नवऱ्याचं डोकं दुखतं म्हणून ती तो त्याच्या कपाळाला बांधायला जाते. तो झिडकारतो, रुमाल पडतो, दोघं आत जातात. मागून इयागोची बायको एमिलिया, म्हणजे डेस्डिमोनाची सखी, तो उचलते.

आमच्या हौशी मंडळींनी हे नाटक पुण्यात भरत नाट्य मंदिरात केलं होतं. मी विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंगला. ऑथेल्लोनं रुमाल असा झटकला की तो रंगमंचावरून थेट पहिल्या रांगेपुढे. तिथे एक काका बसलेले, पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. काका उठले, रुमाल उचलला, झटकला आणि आत निघालेल्या नायिकेला हाक मारली, “अहो ताई, तुमचा रुमाल!” पोरगी संस्कारी. वाकून घेतला, “थँक्यू काका” म्हणाली आणि रुमालासकट आत!

शोकांतिका तिथंच संपली की हो. एमिलिया आली, तर उचलायला काहीच नाही. प्रेक्षागृह हसतंय. शेवटी मी खिशातला माझा निळ्या चौकडीचा रुमाल विंगेतून फेकला. पुढचं अख्खं नाटक ऑथेल्लो त्या चौकडीसाठी तळमळला.

नाटक सुटल्यावर काका मेकअपरूममध्ये आले. आम्हाला वाटलं, माफी मागतील. छे, पुण्यात? म्हणाले, “मला दिसला, मी दिला. त्या दुसऱ्या बाईलाही दिसलाच ना? तिनं का नाही दिला?”

आता नाटकात बघा. डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठं गेला गं? एमिलिया म्हणते, मला नाही ठाऊक. नवऱ्यानं कितीदा मागितला म्हणून तिनं त्याला दिलेला असतो. पुढे ऑथेल्लो बायकोवर “रुमाल! रुमाल!” ओरडतो, तेव्हाही एमिलिया तिथंच उभी. आणि गप्प.

म्हणून ‘भोळी होती, म्हणून गेली’ हे मला पटत नाही. भोळी पोर भर सभेत बापापुढे बोलते होय? जिच्यावर विश्वास टाकला, ती वेळेवर बोलली नाही.

ऑथेल्लो डेस्डिमोनाचा श्वास कोंडतो. जाता जाता तिला कुणीतरी विचारतं, हे कुणी केलं? ती म्हणते, कुणी नाही, मीच. आणि विचारणारी कोण? एमिलियाच. मग ऑथेल्लोच्या तोंडून रुमालाचं नाव निघतं, तेव्हा कुठं एमिलियाला कंठ फुटतो. इयागो गप्प बस म्हणतोय, तरी ती सगळं सांगते आणि त्याच्याच हातून मरते.