पत्ता गावाचा, बाई फडात

(दृश्य: धारूरचा घाट, पहाट. संसार लादलेले ट्रॅक्टर ओळीनं उतरतायत.)

दिवाळीच्या आगंमागं बीड जिल्ह्यातली बालाघाटावरची गावं ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार. कुणी सांगली-कोल्हापूरकडं जातं, कुणी सोलापूरकडं, कुणी थेट बेळगावच्या पट्ट्यात. ट्रॅक्टरमध्ये ज्वारीचं पोतं, पत्र्याची पेटी, शेळी आणि लेकरं. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड मात्र कितीदा तरी घरातच राहून जातं.

आपल्याकडची सरकारी आरोग्यसेवा गावाच्या यादीवर चालते. साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशाताई, आणि तिच्या वहीत तिच्याच गावाची घरं. अंगणवाडीतला घरपोच आहार तिथं नाव असलेल्या बाईला. बाई पाच-सहा महिने गावात नसते, तेव्हा यादीत तिच्या नावापुढं ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. जिथं ती जाते, तिथल्या यादीत तिचं नाव येईलच असं नाही.

आता हिशेब मांडून बघा. ऑक्टोबर संपताना 12 आठवड्यांची गरोदर बाई निघाली आणि एप्रिल संपताना परतली, तर तोवर तिचे 38 आठवडे भरलेले असतात. गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. पहिली 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26, तिसरी 28 ते 34 आठवड्यांत आणि चौथी 36 नंतर. पहिली गावात झाली असं धरलं, तरी उरलेल्या तिन्ही फडाच्या, म्हणजे ऊसतोडीच्या, दिवसांत येतात. बाळाची वाढ आणि व्यंग पाहायची 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफीही डिसेंबरातच येते.

(दृश्य: फड. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई.)

फडातला दिवस चारला सुरू होतो. चूल, भाकरी, मग तोड. बाप्ये तोडतात, बाया पाचट सोलतात, मोळ्या बांधतात, आणि गाडी आली की त्याच मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढतात. जोडीनं मिळून दिवसाला दीड-दोन टन ऊस. गाडी रात्री अकराला आली तर भरणी अकराला.

हिशेबात या जोडीला एकच कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, दोघांची मिळून, पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढंही. एक जण बसला तर दोघांचा दिवस गेला. त्यावर खाडा, म्हणजे दंड, साधारण पाचशे ते हजार रुपये रोज. पाळीत पोट दुखतंय म्हणून बसायची ही किंमत. दवाखान्यात केसपेपर फुकट निघतो, पण तिथवर जाण्यानं खाडा पडतो, आणि त्या खाड्याची भरपाई कुठल्याच योजनेत नाही.

पाळीतला कपडा चार ते सहा तासांनी बदलायला हवा. फडात आडोसा उसाचा, पाणी पिण्यापुरतं. कपडा अंधारात धुवायचा आणि कोपीत, म्हणजे झोपडीत, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायचा, म्हणजे तो दमटच राहतो. जांघा घासून सोलवटतात, बुरशी धरते, खाज सुटते. हंगामात पॅडवाटपाचे कार्यक्रम होतात, फोटोही येतात. पण हात धुवायला पाणी आणि वापरलेलं पॅड टाकायला जागा नसेल, तर ते अर्धंच काम.

त्यातून सुरू होतं ते ‘अंगावरून पांढरं जाणं’. सोबत कंबरदुखी. आधी महिना वेदनाशामक गोळ्यांवर निघतो. खरं तर यावरचा उपचार साधा आहे. ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकात रंगीत पाकिटातली औषधं मोफत मिळतात. योनीमार्गाच्या जंतुसंसर्गाला हिरवं पाकीट: सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, एकदाच घ्यायचं. फिरतीवरच्या बाईला याहून सोयीचं काय असणार? ओटीपोटात दुखत असेल, म्हणजे संसर्ग वर गर्भाशय-नलिकांपर्यंत गेला असेल, तर पिवळं पाकीट. त्यात 14 दिवसांचा कोर्स असतो, आणि गाडं अडतं ते इथंच. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं थांबतं, गोळ्या थांबतात, टोळी पुढच्या गावाला सरकते. त्यात गरोदरपणात न चालणारं डॉक्सिसायक्लिन असल्यानं आधी गरोदरपणाची चाचणी करावी लागते. ती राहिली तर धोका वेगळाच. लैंगिक संबंधांतून आलेला संसर्ग असेल आणि नवऱ्याला औषध दिलं नाही, तर तो महिन्यात पुन्हा हजर.

(दृश्य: तालुक्याच्या गावातली दवाखान्यांची गल्ली. पाट्या.)

असा दोन-तीन हंगाम अंगावर काढलेला आजार एप्रिल-मेमध्ये खासगी दवाखान्यात पोचतो. हातानं तपासणी नाही, स्पेक्युलम लावून बघणं नाही, थेट सोनोग्राफी. रिपोर्टवर ‘बल्की युटेरस’. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असणं हा आजार नव्हे. गर्भाशयमुखावरच्या नाबोथियन गाठीही निरुपद्रवी असतात. पण सांगितलं जातं, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाका.

कॅन्सरची भीती असेल तर तिचीही तपासणी आहे. तिशीनंतर दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाला 5 टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखंच द्रावण लावायचं आणि मिनिटभरानं बघायचं. पांढरा चट्टा दिसला तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून तपासणी, आणि कॅन्सरपूर्व बदल असतील तर बहुतेकदा तेवढाच भाग गोठवून किंवा तापवून काढता येतो. त्यासाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर आधी हिमोग्लोबिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, हार्मोनची तांबी. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणं. शस्त्रक्रिया या सगळ्यानंतरची.

2019 मध्ये हा प्रश्न बातम्यांत आला आणि राज्य सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे सहा जणींत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या बायकांत हेच प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, पण फरक पद्धतीनं झाकला जाईल एवढा लहानही नाही.

त्यात बालविवाहाची जोड आहे. 2019-21 च्या पाहणीत अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात 22 टक्क्यांच्या आसपास, परभणीत 48 आणि बीडमध्ये 44 टक्क्यांच्या जवळ. एकट्या पोरीला कोयता मिळत नाही, लग्न झालं की जोडी होते. विशीत दोन-तीन लेकरं, नसबंदी, आणि ‘आता पिशवीचं काय काम?’ हा प्रश्न डॉक्टरच्याही आधी घरातूनच येतो.

शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ऑपरेशन झालं की ऑक्टोबरात डोक्यावर मोळी. टाके सुटतात, योनीमार्ग खाली सरकतो, लघवी धरवत नाही. खर्च उचलीतून केलेला असला तर घरी बसायची सोयच उरत नाही. सोबत बीजांडकोषही काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास तिशीतच सुरू होतात: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. पंचेचाळिशीच्या आत बीजांडकोष गेलेल्या बाईला, दुसरा धोका नसेल तर, हार्मोनचे उपचार द्यायला हवेत. ते द्यायला गावपातळीवर कुणी नाही. बायकांना बीजांडकोष काढलेत की ठेवलेत हेच माहीत नसतं, कारण डिस्चार्ज कार्ड हातात नसतं. ते मागून घ्या. काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्टही मागून घ्या.

बीडमध्ये 2019 नंतर खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखायची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असं सांगितलं. परवानगीचा कागद ऑपरेशनवर लक्ष ठेवतो. ज्या आजारानं बाई तिथवर आली, त्याकडं बघणारं फडात तेव्हाही कुणी नव्हतं.

(दृश्य: कारखान्याचं गट कार्यालय. भिंतीवर तोडणीचा प्रोग्राम.)

आता ही भिंत बघा. कुठली टोळी आज कुणाच्या रानात आहे, उद्या कुठं जाणार, हे कारखान्याच्या शेती खात्याला रोजच्या रोज माहीत असतं. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा माणूस, फडावर जाऊन नोंद करतो. ऊस वाळायच्या आत गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, पडावा म्हणून ही माहिती घड्याळाप्रमाणं चालते. तीच यादी दर आठवड्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, तर तिथली आशाताई बाईला शोधत बसणार नाही. बैलगाडीवाले तर कारखान्याजवळ एकाच अड्ड्यावर हंगामभर राहतात. तिथं संध्याकाळी सातनंतर तपासणी ठेवणं अवघड नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या फिरतात, त्यांच्यासाठी ही यादी लागतेच.

निघण्याआधी गावात करायचं ते एवढंच. हिमोग्लोबिन तपासायचं: गरोदर बाईचं 7 च्या खाली असेल तर तिला फडाऐवजी रुग्णालयात पाठवायचं. लोहाच्या 180 गोळ्या एकदम द्यायच्या आणि चहासोबत घेऊ नका हे बजावून सांगायचं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. शौच काळी होते, त्याला घाबरू नका हेही. माता-बाल कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो नवऱ्याच्या आणि बाईच्या मोबाइलमध्ये, त्यावरचा आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदणी) क्रमांक वाचता येईल असा. 108 ला फोन करताना गावाचं नाव सांगता येत नसेल तर कारखाना आणि गट क्रमांक सांगायचा.

खाड्याचं मात्र आरोग्य खातं काही करू शकत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी गरोदर बाईला खाडा लावायचा नाही, हे कलम कारखाना आणि वाहतूक ठेकेदाराच्या करारात घालावं लागेल. करार आणि उचल पावसाळ्यातच होऊन जातात. दिवाळीत त्यावर बोलून उपयोग नाही, बोलणी मे-जूनमध्ये व्हायला हवीत.