शालू एकाचा, गळा दुसऱ्याचा

(दृश्य: बालगंधर्व रंगमंदिर, पुणे. दोन चित्रं.)

हे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, स्त्रीभूमिका करणारे गायक नट. आणि शेजारच्या चित्रात स्त्रीवेशातले, तेही नारायणरावच. दोन्ही चित्रं गोपाळ देऊसकरांची. २०११ साली रवी जाधवांनी ‘बालगंधर्व’ चित्रपट केला, तेव्हा हे दुसरं चित्र पडद्यावर उभं करायला सुबोध भावे होते. पण गाणार कोण?

(दृश्य: ग्रामोफोन. तबकडीवर सुई टेकते.)

आधी खरखर. मग ऑर्गन. मग हा आवाज.

‘स्वयंवर’ नाटकातलं ‘नाथ हा माझा’. चाल भास्करबुवा बखल्यांची. तान बघा कशी येते: चपळ, पण शब्दाला धक्का लावत नाही. ‘माझा’मधलं लाडिकपण तसंच राहतं. जेमतेम तीन मिनिटांत ही बाजू संपेल. रंगभूमीवर असं एखादं पद वन्समोअर घेत घेत वाढत जायचं, दर खेपेला वेगळी जागा. तबकडीला वन्समोअर दिला तर सुई उचलून परत ठेवायची, आणि तेच ऐकायचं.

एवढ्याशा फटीतून नारायणरावांचं गाणं पाहून ते पुन्हा उभं करायचं होतं. ते आनंद भाटे यांनी केलं. लहानपणी नाट्यपदं गाऊन ‘आनंद गंधर्व’ म्हणून नावाजलेला हा मुलगा पुढे पंडित भीमसेन जोशींकडे शिकला. नुसती नक्कल असती तर दोन ओळींत उघडी पडली असती. जुन्या तबकड्यांवर वाढलेले कान पुण्यात काही कमी नाहीत. भाटे त्या वळणाने जातात, पण श्वास स्वतःचा घेतात.

(दृश्य: चित्रपटातला प्रवेश. नथ, खोपा, शालूचा काठ.)

रंगभूषा विक्रम गायकवाड, वेशभूषा नीता लुल्ला. दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पार्श्वगायनाचा भाटे यांना. लोकांच्या लक्षात मात्र राहिली ती नथ. साहजिक आहे म्हणा, गळ्याचं पोस्टर कसं छापणार?

(दृश्य: जुनी छायाचित्रं, एकामागोमाग.)

१९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी नारायणरावांची मुलगी वारली. प्रयोग झाला. १९१३, गंधर्व नाटक मंडळी. १९२१, गायक नट केशवराव भोसल्यांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’. मग कर्ज, बोलपट. १९३५ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’त ते स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, संत एकनाथ म्हणून. समोर वन्समोअर म्हणणारं कुणीच नव्हतं. ‘प्रभात’शी नातं त्या एका चित्रपटापुरतंच राहिलं.

(दृश्य: पुन्हा ग्रामोफोन.)

चावी संपत आली की असं होतं. फिरणं मंदावतं, सूर खाली घसरायला लागतो. तबकड्या जमवणारे हे आजोबा बोलता बोलता उठले. बघा, तान पुरी व्हायच्या आत हँडल फिरवताहेत.