काळी पेटी

(दृश्य : पहाट. महाराज बाडा चौकातली बंद दुकानं. एक मुलगी रिकाम्या रस्त्यावरून धावत जाते. बुटांचा आवाज.)

ग्वाल्हेरमध्ये कुणाला पत्ता सांगताना ऐका. गावाचा नव्हे, फौजेच्या तळाचा वाटेल. स्टेशनवरून लष्करला या. कंपूवरून वळा. नाहीतर सरळ शिंदे की छावणी गाठा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ टाकला आणि तो पुढे उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांच्या जागी आता फ्लॅट येताहेत. नाव राहिलं लष्कर. कंपू म्हणजे महादजींच्या काळात युरोपियन पद्धतीची कवाईत शिकलेल्या पलटणी. पुण्याकडे कंपू म्हणजे टोळकं. आमच्याकडे कंपूला टेम्पो थांबतो.

तर या लष्करातली एक मुलगी लष्करात निघाली आहे. महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाने हा विनोद केला, आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटलं.

तिच्या तयारीवरची ही फिल्म, पण तिचं नाव यात येणार नाही. आजीची अट आहे. "खांद्यावर तारे लागू देत, मग सांगा गावभर. आत्ता दृष्ट लागेल." मी तिचा आतेभाऊ. कॅमेरा माझा, आजी दोघांची, त्यामुळे अट मान्य.

(दृश्य : दिवाणखान्याची फरशी. चादरी, बूट, बादली, हँगर. मधोमध आजी खुर्चीवर.)

ऑक्टोबरपासून ती चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत असेल. परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंट. ही संस्था १९६३ मध्ये सुरू झाली आणि १९९२ पासून तिथे मुलीही शिकतात. प्रशिक्षण ४९ आठवड्यांचं. शेजारच्या काकूंना हे अजून पटलेलं नाही. "अगं, ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी तर इथे ग्वाल्हेरातच आहे, एवढ्या लांब कशाला?" इथे आहे ती एनसीसीची, एनसीसीच्या महिला अधिकाऱ्यांसाठी. हे काकूंना चार वेळा सांगून झालं. पाचव्यांदा मामी नुसतीच हसली.

प्रशिक्षणाच्या काळात महिना ५६,१०० रुपये मिळतात हे कळल्यावर आजी म्हणाली, "शिकायचे पैसे? आपण द्यायचे की ते देणार?" आणि या काळात लग्न करता येत नाही हे कळल्यावर मामीचा चेहरा खुलला. स्थळं आणणाऱ्या नातेवाइकांना परस्पर उत्तर मिळालं होतं, तेही भारत सरकारकडून.

आता पेटी.

अकादमीच्या पत्राबरोबर सामानाची यादी येते. मामाने ती झेरॉक्स करून तीन ठिकाणी चिकटवली : फ्रिजवर, कपाटावर आणि कारण नसताना स्कूटरच्या डिकीत. यादीतली पहिली मोठी वस्तू म्हणजे काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव. मामा बाजारात निघाला, तेव्हा मी म्हणालो, थांब, माझी आहे.

पाच वर्षांपूर्वी मीही तयारी केली होती. लेखी परीक्षा पास झालो आणि भोपाळच्या एसएसबीचं, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं यायच्या आधीच पेटी विकत घेऊन आलो. नावही रंगवून घेतलं. उत्साह म्हणा, आगाऊपणा म्हणा. एसएसबी पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशी गाळणी, मग मानसशास्त्राच्या चाचण्या, मग मैदानावरची कामं, शेवटी कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या मंडळासमोर उभं राहणं. मी पाचव्या दिवसापर्यंत टिकलो, छातीवरचा नंबर परत केला आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. तेव्हापासून त्या पेटीत आजीच्या गोधड्या आहेत.

(दृश्य : माळ्यावरून पेटी खाली येते. धूळ. गोधड्या.)

छत्री बाजारातल्या पेंटरने पेटीवरून हात फिरवला. "भैया, ये किसका नाम है? काट दें?" म्हटलं, काटो. त्याने आधी काळ्या रंगाचे दोन हात दिले, मग पांढरी अक्षरं काढली. उन्हात पेटी तिरपी धरली, की काळ्या रंगाखाली माझ्या नावाची उंचवट्याची अक्षरं अजून दिसतात. तिच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. म्हणाली, "राहू दे रे दादा, तुझं नाव तरी अकादमी बघेल." मी कॅमेरा बंद केला होता, म्हणून हे वाक्य तिच्या तोंडून फिल्ममध्ये नाही. इथे सांगून टाकलं.

नावावरून आठवलं. तिच्या आडनावात ळ आहे. इकडे हिंदी कागदांवर ळ चा ल होतो, आणि इंग्रजीत येताना कधी एक एल, कधी दोन. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. मूळ मराठी आडनाव कुठल्याच सरकारी कागदावर नाही, ते फक्त आमच्या दारावरच्या पाटीवर आहे. तीन आठवडे, दोन प्रतिज्ञापत्रं, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. पुढे कुणी जाणार असेल तर एवढंच ऐका : चादरी आणि बूट शेवटच्या आठवड्यातही मिळतात, कागद मिळत नाहीत. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे तेच नाव सगळीकडे आहे का, हे पत्र यायच्या आधी बघा. फोटो डझनाने काढा. मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि फाइल हातातल्या पिशवीत, पेटीत नव्हे.

बाकीची यादी वाचून दाखवत बसत नाही. पांढऱ्या चादरी, मच्छरदाणी, हँगर, पॉलिश, ब्रश, पितळ चमकवायला ब्रासो. सुईदोऱ्याची पिशवीही हवी. इंग्रजांच्या फौजेत या पिशवीला 'हाउसवाइफ' म्हणत. हे ऐकून मामी म्हणाली, "म्हणजे तिथेही शेवटी बायकोच शिवणार." वर्दी अकादमीत शिवून मिळते. त्यामुळे घरून जायचं ते बहुतेक सगळं साधं, एकसारखं आणि बिनचेहऱ्याचं. तिची फुलाफुलांची उशी यादीत बसत नव्हती. ती मी मागून घेतली.

(दृश्य : गल्लीतले निवृत्त सुभेदार साहेब. पेटी उघडी. ते एकेक वस्तू बाहेर काढताहेत.)

पेटी भरायची कशी, हे शिकवायला गल्लीतले सुभेदार साहेब आले. मामीने नीट घड्या घालून भरलेली पेटी त्यांनी दोन मिनिटांत रिकामी केली. त्यांचं म्हणणं असं : पेटी वस्तूंच्या जातीनुसार भरू नका, वेळेनुसार भरा. सगळे मोजे एका कोपऱ्यात आणि सगळे शर्ट दुसऱ्यात असले, की मोजा शोधण्यातच माणूस मरतो. पीटीचा एक संच एकत्र : टी-शर्ट, चड्डी, मोजे, रुमाल, एकच गुंडाळी. फॉर्मलचा संच वेगळा.

कारण अकादम्यांत 'पट्टी परेड' नावाचा प्रकार असतो. सीनियर हुकूम सोडतात, मोजक्या मिनिटांत या पोशाखात खाली या. आलात, की परत पाठवतात, आता त्या पोशाखात या. असं कितीतरी वेळा. कुणाची बटणं चुकतात, कुणाचा एकच मोजा असतो, आणि मग रगडा. रगडा म्हणजे मैदानावर कोलांट्या, रांगणं, जोर, सगळं एकत्र. रगडापॅटिसवाला रगडा वेगळा. तिने हे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून धाकट्याच्या हातात मोबाइलचं घड्याळ देऊन जिन्यावरून वरखाली कपडे बदलत धावायला लागली. तिसऱ्या दिवशी साडेतीन मिनिटं. धाकटा मात्र उस्तादाच्या भूमिकेत इतका शिरला, की मामीला त्याला दोन धपाटे घालावे लागले.

पण सुभेदार साहेब पेटीपेक्षा जास्त वेळ बोलले ते पायांवर. "बेटा, सामान में कुछ भूल गई तो कैंटीन है. पैर की कैंटीन नहीं होती."

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे. आमच्याकडे घरोघरी पेटीची चर्चा होते आणि पायांची होत नाही.

नवे बूट घेऊन अकादमीत जाणं म्हणजे फोड घेऊन जाणं. लेदरचे काळे बूट तिने दोन महिने आधी घेतले आणि घरात घालून वावरली, पोळ्या लाटतानासुद्धा. टाच आणि करंगळीजवळ कातडं मऊ होईपर्यंत. नखं सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत, नाहीतर नख मांसात शिरतं. लांब चालायचं असेल तर आत पातळ मोजा आणि वर जाड, म्हणजे घर्षण दोन मोज्यांत होतं, कातडीवर येत नाही. फोड आलाच तर वरची साल ओढायची नाही.

आणि नडगी. निवड झाल्याच्या आनंदात ही बाई जूनमध्ये रोज आठ किलोमीटर पळायला लागली, सिमेंटच्या रस्त्यावर, जुन्या बुटांनी. तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं की कळ यायची. हाडाला वारंवार धक्के बसले आणि भरून यायला वेळ मिळाला नाही, की तिथे केसासारखी बारीक चीर पडते. सैनिकी प्रशिक्षणात ही दुखापत नेहमीची, आणि मुलींमध्ये तिचं प्रमाण जास्त. अकादमीत असं होऊन फार दिवस बुडाले तर रेलिगेशन, म्हणजे आपला कोर्स पुढे जातो आणि आपण मागच्या कोर्सबरोबर. तिचं दुखणं चीर पडायच्या आधीच कळलं. डॉक्टरांनी धावणं बंद केलं. ती चिडली, रडली, आजीवर ओरडली, मग पोहायला गेली. पोहणं तसंही शिकायचंच होतं. पाणी बघून पाय लटपटायचे, आता तलावाची लांबी पार करते. स्टाइल विचारू नका.

(दृश्य : किल्ल्याची चढण, ग्वाल्हेर दरवाज्याकडून. एकामागून एक दरवाजे. धावणारी आकृती.)

ऑगस्टमध्ये पुन्हा धावणं सुरू झालं, पण या वेळी आठवड्याला थोडंथोडं वाढवत, एक दिवस पूर्ण आराम. मोजणीचं अंतर २.४ किलोमीटर, हेच अंतर शारीरिक चाचणीत लागतं. तेरा मिनिटांच्या आत यायचं हे तिने स्वतःला घालून घेतलं. सपाटीला कंटाळली, की किल्ला. गाड्या उरवाई बाजूने चढतात. ग्वाल्हेर दरवाज्याकडची वाट पायी चालणाऱ्यांची. त्या चढणीवर खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे. नवव्या शतकातला शिलालेख आहे तिथे, देवाच्या बागेची मापं दिलेली, १८७ हात बाय २७० हात. त्या २७० मधलं इतकं जुनं शून्य बघायला जगभरातून गणिताची माणसं येतात. ही तिथे घड्याळ बंद करून वाकून धापा टाकते. वेळ किती झाला विचारलं तर म्हणते, "शून्य बघतेय, थांब."

दोरसुद्धा घरचाच निघाला. दोर चढायची सवय करायला जिम शोधत होतो, तर आजी म्हणाली, आखाड्यात जा की. मल्लखांब आपल्या लोकांनी इकडे आणला, मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये तो राज्याचा खेळ केला, आणि आम्ही दोर शोधत जिम पालथ्या घालत होतो. आखाड्यातल्या वस्तादांनी तिला दोरी पायाच्या अंगठ्यात धरायला शिकवलं. बूट घालून ते जमत नाही, अकादमीत दोन्ही बुटांमध्ये दोर कुलुपासारखा अडकवावा लागतो. पण हाताची पकड आली, आणि उंचीची भीती गेली.

(दृश्य : स्वयंपाकघर. आजी लाडू वळतेय.)

राहिला प्रश्न लाडवांचा. दिवाळीला ती घरी नसणार, म्हणून गणपती उठल्याबरोबर आजीने फराळाला हात घातला. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चिवडा, वर मोरेन्याची गजक. एकूण वजन चादरींपेक्षा जास्त. सुभेदार साहेबांनी डोक्याला हात लावला. यादीत खाऊ नाही. आजीने चष्मा लावून यादी तपासली आणि म्हणाली, "नको असंही कुठे लिहिलेलं नाही." ठरलं असं, की एक डबा प्रवासासाठी, ट्रेनमध्ये संपवायचा. तो डबा पाच किलोचा आहे.

चिवड्याच्या जागेवर शेवटी रेनकोट बसला. ऑक्टोबरपासून चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आम्हा कोरड्या मुलखातल्यांना हे सुचतच नाही. ओले बूट रात्रभर वर्तमानपत्र कोंबून ठेवले, की सकाळपर्यंत बरेच सुकतात. मामाने मराठी पेपरची रद्दी दिली. म्हणाला, कोंबायच्या आधी वाच.

(दृश्य : ग्वाल्हेर स्टेशन, रात्र. पेटी हमालाच्या डोक्यावर.)

निघताना आजीने दही हातावर दिलं. तिने वाकून नमस्कार केला, मग सवयीने मलाही करायला वाकली आणि मधेच थांबली. "तुला पुढच्या सप्टेंबरनंतर नाही हं. तू सॅल्यूट मारायचास." म्हटलं, आधी अंतिम पग, म्हणजे पासिंग आउटचं शेवटचं पाऊल, टाकून ये, मग बघू.

पेटी सीटखाली शिरेना. हमाल, मामा आणि मी, तिघांनी तिरपी करून ढकलली. साखळी, कुलूप. गाडी हलली तेव्हा ती दारात नव्हती, आत वाकून कुलूप ओढून बघत होती.

यादीत लिहिलं होतं, कुलुपाच्या दोन किल्ल्या, एक जवळ ठेवावी, एक सुरक्षित जागी. घरी आल्यावर मामाच्या लक्षात आलं, की दुसरी किल्ली गेलीच नाही. आजीने ती देव्हाऱ्यात ठेवली होती, बाळकृष्णाच्या मागे. विचारलं, तर म्हणाली, सुरक्षित जागी म्हणून लिहिलंय ना.