आधी शाळा, मग घर
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : सातारा, पोवई नाका. दहावीच्या निकालाचे फ्लेक्स, खालून रहदारी.]

मे महिना सरत आलाय. पोवई नाक्यावर एरवी पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स झळकतात. या दिवसांत मान दहावीच्या पोरांचा. गुच्छ घेतलेले फोटो, फोटोखाली टक्के आणि सगळ्यांच्या वर, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत : निकाल 100 टक्के.

फ्लेक्सखाली उभं असलेलं हे कुटुंब डोंबिवलीहून आलंय. मुलगी आठवी झाली, मुलगा पाचवी. यांचे पणजोबा जावळी तालुक्यातून मुंबईला गेले ते माथाडी कामगार म्हणून. जावळी आणि पाटणच्या खोऱ्यातली कितीतरी घरं अशी मुंबईच्या गोदामांनी आणि गिरण्यांनी नेली. चौथी पिढी आता उलट निघालीय. वडिलांना ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं. डोंबिवलीत जेवढं भाडं जातं, तेवढ्यात इथे अंगणासकट घर मिळतं. साताऱ्यात एक फ्लॅट बघूनही झालाय. टोकन द्यायचं तेवढं राहिलंय.

[बाईट : आई]
"घर काय, कुठंही मिळेल हो. हिला नववीला कुठं घालायची, ते आधी सांगा म्हटलं. मग टोकन."

[दृश्य : फ्लेक्सवरचे टक्के, जवळून.]

फ्लेक्स वाचून शाळा निवडता येत नाही, आणि त्याचं कारण आकड्यांतच आहे. 2025 साली राज्याचा दहावीचा निकाल 94.10 टक्के लागला. सगळ्यात वरच्या कोकण विभागाचा 98.82, सगळ्यात खालच्या नागपूरचा 90.78. सातारा जिल्हा येतो कोल्हापूर विभागात, आणि हा विभाग कोकणच्या पाठोपाठ असतो. एवढे सगळे पास होत असताना शंभर टक्क्यांचं अप्रूप किती धरायचं?

शंभर टक्के तयारही करता येतात. आठवीपर्यंत मुलं सहसा पुढे सरकत राहतात, चाळण लागते ती नववीत. दहावीत निकाल खाली ओढतील अशी वाटणारी पोरं काही शाळा नववीतच थांबवतात. काहींच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगतात, म्हणजे मुलगा बाहेरून परीक्षेला बसतो आणि शाळेच्या निकालात धरला जात नाही. समजा नववीला 60 पोरं होती आणि दहावीला शाळेकडून बसली 45. त्या 45 चा निकाल शंभर टक्के लागला, तर फ्लेक्सवर उरलेल्या 15 जणांचा फोटो कुठे शोधायचा?

म्हणून विचारायचं ते असं : गेल्या वर्षी नववीच्या पटावर किती होते, आणि त्यातले दहावीला किती बसले. हा हिशेब ऑफिसातल्या क्लार्ककडे असतो. सांगायला कां-कूं झाली, तर तेही उत्तरच.

[दृश्य : सैनिक स्कूलचं प्रवेशद्वार. पसरणी घाटातून वर चढणारी गाडी. पाचगणी.]

सातारा म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी काही मोठी नावं येतात. सैनिक स्कूल, 23 जून 1961 ला सुरू झालेलं, देशातलं पहिलं. वर पाचगणीला इंग्रजांच्या काळापासूनच्या निवासी शाळा. खावलीला नवोदय विद्यालय. शाळा चांगल्याच आहेत. पण घर कुठे घ्यायचं, या प्रश्नाशी त्यांचा संबंध जवळजवळ नाही. सैनिक स्कूलच्या भिंतीला लागून फ्लॅट घेतला, तरी मूल प्रवेशपरीक्षा देऊनच आत जाणार आणि वसतिगृहातच राहणार. पाचगणीची फी लाखांत. तिथं मूल ठेवायला पालकांनी डोंबिवली सोडायची गरज नाही.

नवोदयचं गणित वेगळं. सहावीच्या प्रवेशासाठी मूल पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, आणि ग्रामीण म्हणवून घ्यायला तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवी. या घरातल्या मुलाची पाचवी डोंबिवलीत झाली. दार बंद. नववीला रिकाम्या जागांवर थोडे प्रवेश होतात, त्यासाठी आठवी याच जिल्ह्यात हवी. म्हणजे मुलीचं गेलं, मुलाला आणखी एक संधी आहे. गाव सोडायचा, किंवा गावाकडे यायचा विचार असेल, तर मूल तिसरीत जायच्या आधी हे माहीत असलेलं बरं.

साताऱ्यातल्या दोन इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी कॅमेरा आत येऊ दिला नाही. त्यामुळे त्या या चित्रफितीत फाटकापर्यंतच दिसतील.

[दृश्य : राजवाडा परिसर. प्रतापसिंह हायस्कूल. जुनं रजिस्टर, पानावर बोट.]

आत येऊ दिलं ते इथे. राजवाडा परिसरातलं हे प्रतापसिंह हायस्कूल. आज जिल्हा परिषदेचं आहे, तेव्हा सरकारी हायस्कूल होतं. 7 नोव्हेंबर 1900. इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचं नाव दाखल झालं : भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरमधला अनुक्रमांक 1914. वडील सुभेदार, लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला आलेले. महाराष्ट्रात 2017 पासून 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, तो या नोंदीमुळे.

[दृश्य : कर्मवीर समाधी परिसर. जुनी छायाचित्रं : बोर्डिंगमधली मुलं, जेवणाची पंगत, दगड फोडणारे विद्यार्थी.]

या जिल्ह्यात खेड्यापाड्यांत हायस्कुलं दिसतात, ती आपोआप उगवलेली नाहीत. 4 ऑक्टोबर 1919 ला कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि बोर्डिंग सुरू झालं. महार, मांग, मराठा, मुसलमान, ब्राह्मण, जैन, सगळ्यांची पोरं एका छपराखाली राहू लागली, एका पंगतीला बसू लागली. त्या काळच्या साताऱ्यात ही गोष्ट साधी नव्हती. 1927 मध्ये गांधीजी येऊन गेले, बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं. पोरांच्या पोटाला कमी पडलं, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. पोरंही फुकट खात नव्हती. पाणी भरायची, शेतात राबायची, स्वतःचं जेवण स्वतः रांधायची. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" ही ओळ त्या राबण्यातून आलेली.

माध्यमिक शाळेचा टप्पा यायला 1940 उजाडलं. सातारचं महाराजा सयाजीराव हायस्कूल, रयतचं पहिलं. फी नाही आणि राहायची सोय. मग गावोगावी माणसांनी जमिनी दिल्या, धान्य दिलं, श्रमदानाने खोल्या उभ्या केल्या. आज संस्थेची हायस्कुलंच 400 हून अधिक आहेत. शहरातून येणारा पालक गुगल मॅपवर शाळा शोधतो, तेव्हा यातल्या बऱ्याचशा त्याच्या नजरेतून सुटतात. कौलारू इमारत, मोजकेच रिव्ह्यू आणि फोटोत फक्त झेंडावंदन.

[दृश्य : मेढ्याचा रस्ता. एसटीतून उतरणारी मुलं-मुली. शाळेचं फाटक, पाटी झाकलेली.]

मेढ्याच्या रस्त्यावरची ही त्यातलीच एक अनुदानित शाळा. पाचवी ते दहावी. पाटी मुद्दाम झाकलीय. मुख्याध्यापक मोकळेपणाने बोलले, त्याचा त्यांना ताप नको.

मुलीच्या आईने डोंबिवलीहून निघतानाच चार प्रश्न वहीत लिहून आणले होते. पहिलाच असा, की मुख्याध्यापक खुर्चीत सावरून बसले.

[बाईट : आई आणि मुख्याध्यापक]
"सर, नववी-दहावीला गणित कोण शिकवतं? कायम आहेत की तासिकेवर?"
"ताई, बरं झालं हे विचारलंत. इमारत बघून जातात लोक. गणिताचे सर कायम आहेत, आमचेच माजी विद्यार्थी. विज्ञानाच्या बाईंची निवृत्ती झाली, ते पद रिकामं आहे. सध्या बीएस्सी बीएड झालेली एक मुलगी तासिकेवर घेते. शिकवते चांगलं. पण पुढल्या वर्षी असेल का, मी सांगू शकत नाही."

[दृश्य : स्टाफरूम. भिंतीवरचं वेळापत्रक. रिकामी खुर्ची.]

ही रिकामी खुर्ची समजून घ्यायला हवी. 2012 मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. मग शिक्षकभरतीसाठी सरकारचं पवित्र पोर्टल आलं, भरती तुकड्या-तुकड्यांनी सुरू झाली, पण निवृत्त होणारे काही थांबले नाहीत. त्यात संचमान्यता. शाळेत शिक्षक किती, हे पटावर ठरतं. पट घसरला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि दुसरीकडे समायोजनाला जातो. मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष बदलले, तेव्हापासून कमी पटाच्या शाळा अधिकच धास्तावल्यात. शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढतो, मूल काढलं म्हणून पट घटतो, पट घटला म्हणून उरलेला शिक्षकही जातो. शाळा वाईट असल्याने ओस पडतात असं आपण सहज म्हणून जातो. इथे आधी खुर्ची रिकामी झाली होती.

[दृश्य : प्रयोगशाळा. काचेची कपाटं, परीक्षानळ्या, फळ्यावर आरशाची किरणाकृती.]

दुसरा प्रश्न प्रयोगशाळेचा. प्रयोगशाळा बहुतेक हायस्कुलांत असते, तिच्या दाराला कुलूप किती दिवस असतं ते बघायचं. इथल्या टेबलांवर स्पिरिटच्या दिव्यांचे काळे डाग आहेत. कपाटातल्या परीक्षानळ्यांवर धूळ नाही.

तिसरा माध्यमाचा. मुलगी डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात होती, बोर्ड राज्याचंच. इथे सेमी इंग्रजी आहे : गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. शहरातून येणाऱ्या पोरांना हा पूल बरा पडतो. मराठीची धास्ती घेऊन काही पालक सीबीएसईकडे वळतात, पण 2020 च्या कायद्याने मराठी आता सगळ्याच बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत सक्तीची आहे. पळून जायला जागा नाही, आणि का पळावं? बोर्ड बदलायचंच असेल किंवा शाळा बदलायची असेल, तर नववीच्या सुरुवातीला बदला. दहावीत बदल करणं म्हणजे बोर्डाच्या फॉर्मपासून अंतर्गत गुणांपर्यंत सगळ्याची ओढाताण.

[दृश्य : एसटीचा थांबा, संध्याकाळ. मुली पास दाखवून चढतात.]

चौथा प्रश्न शाळेला विचारायचा नाही. तो या थांब्यावर विचारायचा.

[बाईट : वाहक]
"शाळा सुटली की साडेपाचची गाडी. ती हुकली की मग सात. त्यानंतर एक मुक्कामी, तिचा भरवसा नाय. पावसात तर बिलकूल नाय."

पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. मुलांना तिकिटाचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. पास सोपा आहे, गाडी अवघड. पास खिशात असून गाडी नाही, म्हणून या खोऱ्यात कितीतरी मुलींची शाळा सुटलीय. दहावीच्या जादा तासाला सकाळी सातला पोचणारी गाडी आहे का, हे बघितल्याशिवाय घराचा व्यवहार करू नये. जाहिरातीतलं "शाळेपासून दहा मिनिटं" हे बिल्डरच्या गाडीचं असतं. पोरांना त्या अंतराला जून ते सप्टेंबर तास लागू शकतो.

[दृश्य : दाखल्याचा कागद, शिक्का. दोन खोल्यांचं कौलारू घर, सामान उतरवताना.]

साताऱ्यातल्या फ्लॅटचं टोकन दिलं गेलं नाही. कुटुंबाने शाळेपासून चालत जाता येईल असं घर भाड्याने घेतलं, मुलगी नववीला, मुलगा सहावीला, एकाच शाळेत. वडिलांना आता दोन दिवसांसाठी दोन रात्री डोंबिवलीला भावाकडे काढाव्या लागतात. आईची नोकरी सुटली. अकरावी विज्ञानाला मुलीला साताऱ्यालाच जावं लागेल. राज्यभर अकरावीचे प्रवेश 2025 पासून ऑनलाइन झालेत, त्यामुळे कॉलेज कुठलं, ते तेव्हा यादीत कळेल.

[दृश्य : शाळेचं ऑफिस. जनरल रजिस्टरमध्ये नोंद करणारा हात.]

डोंबिवलीच्या शाळेचा दाखला जमा झाला, विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवरची ट्रान्सफर रिक्वेस्ट मंजूर झाली. 30 सप्टेंबरच्या पटावर शाळेची संचमान्यता होईल, त्यात ही दोन नावं असतील. विज्ञानाचं रिकामं पद टिकतं का, ते त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांच्या कागदावर येईल.